औषध म्हणायचं नाही

आमच्या ऑफिसात एक शब्द तोंडातून काढायला बंदी आहे. शिव्या चालतात, एकमेकांना नावं ठेवलेली चालतात, पण ‘औषध’ म्हटलेलं चालत नाही. डोकेदुखीचं औषध म्हणा, खोकल्याचं म्हणा, कोणाची ना नाही. झाडांवर, भाजीवर, हिरवळीवर जे फवारतात त्याला मात्र औषध म्हणालात की संपलं. त्याला म्हणायचं विष. चुकलात तर त्या दिवशी सगळ्यांचे चहाचे कप तुम्ही विसळायचे.

नियम बाईंचा. बाई म्हणजे आमच्या संस्थेच्या संस्थापक. लोकांनी फवारणी कमी करावी म्हणून त्यांनी उभी हयात घालवली आणि केस पांढरे केले. त्यांचं म्हणणं असं की निम्मी लढाई शब्दाचीच आहे. औषध म्हटलं की माणूस सढळ हाताने ओततो, विष म्हटलं की हात आपोआप आखडतो. मला हे पटतं. माझ्या जिभेला पटत नाही, त्याला मी काय करू? मी वाढले त्या घरात औषध मारणं हाच आमचा चरितार्थ होता. बाबा पालिकेच्या मोठ्या बागेत फवारणीचं काम करायचे. ‘बाबा कुठे गेले?’ ‘औषध मारायला.’ ‘बाबा कधी येणार?’ ‘औषध मारून झालं की.’ बोलायला शिकले तेव्हापासून हे ऐकलंय. जित्याची खोड ती, जाते कुठे! त्यामुळे आमच्या ऑफिसच्या सिंकपाशी बहुतेक वेळा तुम्हाला मीच दिसेन. माझा हुद्दा कार्यक्रम समन्वयक असा लांबलचक आहे. काम म्हणाल तर फोन करणं, खुर्च्या मांडणं आणि कप विसळणं.

तसे बाई कोणालाच सोडत नाहीत. आमच्याकडे माती आणि पाणी तपासणारे एक गृहस्थ आहेत, त्यांना आम्ही लिटमस म्हणतो. एकदा त्यांनी फ्रिज उघडला आणि म्हणाले, “छे, दूध औषधालाही शिल्लक नाही!” बाईंनी तिथल्या तिथे त्यांना कप विसळायला लावले. लिटमस म्हणाले, “अहो बाई, ही बोलायची रीत आहे.” बाई म्हणाल्या, “मग रीतीप्रमाणे विसळा.”

तर सांगायची गोष्ट अशी की असल्या नियमाने माणसाची जीभ बिघडते. मी रोज दुपारी ऑफिसातून घरी फोन करते, बाबांनी गोळ्या घेतल्या का ते विचारायला. त्या दिवशी फोन करण्याआधी मी एका नर्सरीवाल्याशी डोकं फोडत होते. तो दर वाक्यात औषध म्हणायचा आणि मी दर वाक्यात विष म्हणायचे. पालथ्या घड्यावर पाणी. त्याच तिरीमिरीत मी घरचा नंबर लावला आणि म्हणाले, “बाबा, दुपारचं विष घेतलंत का?”

लिटमस चष्मा काढून माझ्याकडे बघायला लागले. पलीकडून बाबा म्हणाले, “नाही अजून. जेवणाआधी घेऊ की जेवून मग?”

झालं! तेव्हापासून घरात तोच धोशा. “मिरचे, माझं विष कुठे ठेवलंस?” “मिरचे, सकाळच्या विषाने पोटात जळजळ होतेय गं.” मिरची म्हणजे मीच. पाहुणे आले तरी बाबा थांबायचे नाहीत. आमच्या शेजारणीने एकदा हे ऐकलं आणि ती माझ्याकडे ज्या नजरेने बघायला लागली ती मी विसरणार नाही.

बाबांचे हात थरथरतात. त्यासाठीच त्या गोळ्या. निवृत्त झाल्यावर हे सुरू झालं, आधी एक हात, मग दुसरा. डॉक्टरांना मी स्पष्ट विचारलं होतं, जन्मभर फवारणी केली म्हणून झालं का हे? डॉक्टर म्हणाले, असेलही, नसेलही, ठामपणे कोणी सांगू शकणार नाही. मी ते तसंच मनात ठेवलंय. बाबांनी कधी विचारलंच नाही.

बाबा म्हणजे गरीब गाय वगैरे मुळीच नाहीत, हे आधीच सांगते. मानी माणूस. बागेत त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे आणि ते बिरुद त्यांनी घरातही उतरवलं नाही. मोठ्या बागेतले गुलाबाचे वाफे त्यांच्याकडे होते. बाहेरगावची माणसं फोटो काढायला यायची. त्या गुलाबांवर किडा औषधालाही सापडायचा नाही, आणि आता हे लिहिताना मला हसावं की रडावं कळत नाही. आमच्या संस्थेला ते ‘किडे वाचवा मंडळ’ म्हणतात. पगार बरा देतात का मंडळवाले, एवढाच त्यांचा मला प्रश्न असतो.

त्यांचा एक हट्ट मात्र माझ्या डोक्यात जायचा. आपले कपडे ते कोणालाही धुऊ देत नाहीत. आई आजारी पडली तेव्हापासूनचं हे आहे. आई गेली, बाबा निवृत्त झाले, घरात मशीन आलं, तरी सकाळी हे बाथरूमचं दार लावून आपला शर्ट आपण घासणार. हात असे थरथरणारे. साबण एकदा बादलीत, एकदा जमिनीवर, एकदा कमोडच्या मागे. मी किती वेळा भांडले! “बाबा, मशीन काय शोभेला घेतलंय? लोक म्हणतील, मुलगी बापाकडून धुणी करून घेते.” ते म्हणायचे, “लोकांना सांग, बाप लहरी आहे.” कॉलर नीट निघत नाही म्हणून असेल, असं मी धरून चालले होते. माणूस टापटिपीचा, त्यातून उस्ताद.

यंदा पालिकेने बागांतल्या फवारणीबद्दल लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायचं ठरवलं. आमची मागणी तशी लहानच होती. मोठ्या बागेच्या कुंपणाला लागून बालवाडी आहे. पोरं मधल्या सुट्टीत त्या कडेच्या गवतात लोळतात. तेवढा पट्टा तरी फवारू नका, गवत हाताने काढा, गुलाबांवरची माव्याची कीड साबणाच्या पाण्याने जाते, आम्ही येऊन दाखवतो, असं आमचं म्हणणं होतं. लिटमसांनी मातीचे नमुने तपासून तक्ते तयार केले. तक्ते चांगले होते. पण लिटमस तक्ते वाचायला लागले की समोरची माणसं घड्याळं बघतात, हेही आम्हाला ठाऊक होतं.

बाईंनी मला आपल्या खोलीत बोलावलं. त्यांची खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि खिडकीत पुदिन्याची कुंडी. त्या कुंडीला मावा लागलाय आणि तो काही केल्या जात नाही, पण ते आम्ही बाहेर बोलत नाही.

“तुझे वडील बोलतील का गं तिथे?” बाई म्हणाल्या.

“काय बोलतील?”

“जे केलं ते. ती बाग त्यांच्याइतकी कोणाला माहीत आहे? आणि...” बाई जरा अडखळल्या. “लोकांना त्यांचे हात दिसले ना, तर आमच्या दहा तक्त्यांपेक्षा जास्त कळेल.”

माझा राग नाकावर असतो, हे अख्ख्या ऑफिसला माहीत आहे. मी म्हणाले, “बाई, माझे वडील म्हणजे प्रदर्शनात मांडायची वस्तू नाही. त्यांच्या हातांना काय झालंय हे डॉक्टरांना सांगता येत नाही आणि तुम्ही सभेत सांगणार?”

बाई म्हणाल्या, “चुकलं माझं. हातांचं सोड. पण विचार तरी त्यांना. नको म्हणाले तर विषय संपला.”

बाईंचं हे असं आहे. त्या चूक कबूल करतात आणि मग तुम्हाला नाही म्हणता येत नाही.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी विषय काढला. बाबा रेडिओ दुरुस्त करत बसले होते, म्हणजे तो अधिक बिघडवत बसले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

“म्हणजे मी तिथे जाऊन हात दाखवून अवलक्षण करून घेऊ?”

“हात दाखवायचे नाहीत. नुसतं बोलायचं.”

“काय बोलू? की मी इतकी वर्षं पोरं खेळतात त्या बागेत विष टाकत होतो?” ते हसले नाहीत. “तिथे माझ्या हाताखालची माणसं असतील. साहेब लोक असतील. मी ज्या बागेचा पगार खाल्ला, ज्या पगारावर तू शिकलीस, त्या बागेला शिव्या घालायला मला पाठवतेस?”

“शिव्या कोण घालतंय? तुम्हाला कोणी दोष देत नाहीये, बाबा.”

“विष म्हटलं की दोष आलाच की. विष आपोआप पडतं का? कोणीतरी टाकतं.” ते रेडिओकडे बघत राहिले. “आणि माझे कपडे तुझी आई धुवायची. हाताने.”

एवढं म्हणून त्यांनी स्क्रू ड्रायव्हर पुन्हा उचलला.

मी तशीच बसून राहिले. आईला काय झालं होतं ते कोणाला नीट कळलं नाही. आधी हातांची कातडी गेली, मग खोकला, मग सगळंच. त्याचा आणि त्या कपड्यांचा संबंध होता असं मी म्हणणार नाही, तो अधिकार मला नाही. पण बाथरूमचं लावलेलं दार, जमिनीवर घरंगळणारा साबण, ‘बाप लहरी आहे’, हे सगळं मला त्या क्षणी कळलं आणि मी अगदी कानकोंडी झाले. कॉलरबिलर काही नव्हतं. ज्या कपड्यांना बागेचा वास लागून जमाना झाला होता, ते कपडेसुद्धा या माणसाने पुन्हा कोणा बाईच्या हातात दिले नव्हते. आणि मी विचारायला आले होते की, बाबा, चार माणसांत त्याला विष म्हणाल का?

मी म्हणाले, “राहू दे बाबा. नका येऊ.”

“गोळी दे,” ते म्हणाले. त्या दिवशी विष म्हणाले नाहीत.

बाईंना मी नाही म्हणून कळवलं. त्यांनी शब्दाला जागून विषय संपवला. खरं तर ही गोष्टही तिथेच संपायची. पण बाबांना रोज संध्याकाळी फिरायला लागतं, आणि त्या आठवड्यात मी त्यांना मोठ्या बागेत घेऊन गेले. गुलाब कसे आहेत ते बघायचे होते त्यांना. “फुलं लहान झालीत,” असं नाक मुरडून म्हणायचं होतं, हेच खरं.

गुलाबांच्या मागे अवजारांची खोली आहे. पत्र्याचं दार, आत फावडी, पाइपांची वेटोळी, कोपऱ्यात निळे ड्रम. दारात लांब्या पंप भरत होता. लांब्या म्हणजे सध्याचा फवारणीवाला. बाबांच्या हाताखाली शिकला, आता त्याचीच दोन मुलं शाळेत जातात. ताडमाड उंच आहे म्हणून हे नाव बाबांनीच ठेवलेलं. बाबांना बघून तो धावत आला.

“उस्ताद! या या. काय तब्येत?”

“तब्येत मिरचीच्या हातात आहे. रोज विष घालते मला,” बाबा म्हणाले. लांब्या खो खो हसला आणि परत बादलीकडे वळला. बोलता बोलता त्याने बाही वर केली, हात कोपरापर्यंत बादलीत घातला आणि आतलं पांढरं पाणी ढवळायला लागला. आरामात ढवळत होता, आंघोळीचं पाणी गरम झालं का बघावं तसा. मागे भिंतीवर खिळ्याला रबरी हातमोजे टांगले होते. ते अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होते.

माझ्या तोंडून एकदम निघालं, “अहो, हात काय घालताय त्यात!”

लांब्याने आश्चर्याने माझ्याकडे पाहिलं. मग बाबांकडे पाहून म्हणाला, “काठीने गाठी राहतात ना, ताई. उस्तादांनीच शिकवलंय. हाताने ढवळलं की कसं एकजीव होतं. आणि घाबरता कशाला? औषधच तर आहे.”

मी बाबांकडे बघितलं. ते लांब्याच्या हाताकडे बघत होते. कोपरापासून खाली कातडी कोरडी, पांढरट पडलेली होती. फार काही भयंकर नव्हतं. पण तशी कातडी आम्ही दोघांनी घरात पाहिलेली होती.

“कपडे कोण धुतं रे तुझे?” बाबांनी विचारलं.

“बायको. का हो?”

“काही नाही,” बाबा म्हणाले.

परतताना ते गुलाबांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. घराच्या पायऱ्या चढताना मध्येच थांबले. मला वाटलं दम लागला. म्हणाले, “तुझ्या त्या बाईंना सांग, मी येतो. पण एक अट आहे. तुमचा शब्द माझ्या तोंडात घालायचा नाही. मी औषधच म्हणणार. कप विसळायचे असतील तर येऊन विसळीन.”

मी बाईंना सांगितलं. बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला. जन्मभर ज्या शब्दाशी भांडल्या, तोच शब्द त्यांच्या बाजूचा साक्षीदार भर सभेत उच्चारणार! लिटमस हळूच म्हणाले, “औषधावाचून खोकला जातोय का बघा, नाहीतर...” आणि जीभ चावून मुकाट्याने सिंककडे गेले. बाईंनी विचार करून मान हलवली. म्हणाल्या, “येऊ देत. त्यांचं तोंड, त्यांचा शब्द.”

सुनावणी पालिकेच्या वरच्या मजल्यावरच्या दालनात होती. लांब टेबल, मागे रांगेने खुर्च्या, छताला खरखर करणारा पंखा. टेबलाच्या मधोमध उद्यान अधिकारी बसले होते. माणूस वाईट नव्हता. बाबांना पाहून उठला, स्वतः खुर्ची ओढून दिली. मागच्या भिंतीला बागेतली माणसं टेकून उभी होती, त्यांत सगळ्यांच्या डोक्यावर लांब्याचं डोकं. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, स्वतः धुतलेला. दोन्ही हात पॅन्टच्या खिशात घातले होते.

लिटमसांनी तक्ते वाचले. अपेक्षेप्रमाणे घड्याळं बघितली गेली. बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी पहिल्याच वाक्यात विष म्हटलं. अधिकारी म्हणाले, “बाई, शब्द जरा जपून. परवानगीचा माल आहे, नियमाप्रमाणे वापरतो. विष कसलं?” मग तेच चाललं, विष की नाही, विष की नाही. मी मनात म्हटलं, झालं, नर्सरीवालाच परत आला.

मग बाबांचं नाव घेतलं. ते उभे राहिले, हात खिशातच.

“मी या बागेत औषध मारायचो,” बाबा म्हणाले.

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. अधिकाऱ्यांनाही हसू आवरलं नाही. “बघा बाई, तुमचेच साक्षीदार औषध म्हणतायत. आधी आपसात ठरवून तरी यायचं.” आता सगळेच हसले. माझं डोकं सणकलं. मी खुर्चीतून अर्धी उठले, तेवढ्यात बाबा माझ्याकडे न बघताच म्हणाले, “बस गं.”

मी बसले.

“साहेब, मला दुसरा शब्द कोणी दिलाच नाही,” बाबा म्हणाले. आवाज नेहमीचाच होता, घरात रेडिओबद्दल बोलतात तसा. “पहिला ड्रम आला तेव्हा तुमच्या आधीच्या आधीचे साहेब होते. ते म्हणाले, हे गुलाबांचं औषध. मी म्हटलं, बरं. औषधाला माणूस कशाला भिईल? औषध भल्यासाठीच असतं. मी ते हाताने ढवळायचो. काठीने गाठी राहतात. माझ्या हाताखाली जे आले त्यांनाही मी तसंच शिकवलं. तो मागे उभा आहे ना लांब, तो अजून तसंच करतो. माझ्या शब्दाला मान देतो बिचारा.”

मागे लांब्याने आपला हात पाठीमागे घेतला. ते मी पाहिलं.

“संध्याकाळी घरी जायचो तेव्हा कपडे ओले असायचे. पंप गळायचा, पाठ भिजायची. ते कपडे माझी बायको धुवायची, हाताने, रोज. एकदा म्हणाली, अहो, हात चुरचुरतात हो माझे. मी म्हटलं, वेडी का काय तू? औषध आहे ते. औषधाने कधी काही होतं का?”

बाबांचे खिशातले हात जास्तच थरथरत होते, पॅन्टच्या कापडावरून मला कळत होतं. पण त्यांनी ते बाहेर काढले नाहीत.

“तिला काय झालं, कशाने झालं, मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. ते तुमच्या माथी मारायला मी आलेलो नाही. मी एवढंच विचारतो. तुम्ही मला ते विष म्हणून दिलं असतंत, तर मी ते कपडे तिला धुऊ दिले असते का?”

अधिकाऱ्यांनी समोरचे कागद सारखे केले.

“दिले असते का, साहेब?”

अधिकारी टेबलाकडे बघत म्हणाले, “नाही, उस्ताद.”

“मग झालं. मी औषधच म्हणणार. मला सांगितलेलं नाव तेच आहे. या बाई विष म्हणतात, त्या लांबून म्हणतात, त्यांनी काही ते ढवळलेलं नाही. नाव तुम्ही ठेवलंत, बदलायचं तर तुम्हीच बदला. ड्रमवर मोठ्या अक्षरात लिहा आणि या पोरांना सांगा. मग त्यांचं ते ठरवतील, हात घालायचा की नाही.”

आणि ते बसले. मला रडू आलं. लपवायचं काय त्यात, चांगलं भडभडून आलं. लिटमसांनी मला रुमाल दिला, त्याला कसल्याशा रसायनाचा वास येत होता, त्यामुळे आणखीच पाणी आलं.

निकाल म्हणाल तर फार मोठा नाही लागला. बालवाडीकडचा पट्टा या हंगामापासून सोडला. बाकीच्या बागेचं पुढच्या बैठकीत बघू म्हणाले; पुढची बैठक म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक आहे. पण दोनच दिवसांनी मी बागेवरून गेले तेव्हा निळ्या ड्रमांवर पांढऱ्या रंगात ‘वीष’ असं लिहिलेलं होतं. वी दीर्घ काढला होता. लांब्याला म्हटलं, चुकलंय. तो म्हणाला, “असू दे ताई, लांबून वाचता येतं.” त्याने हातमोजे घातले होते आणि ते घालून पंपाचं झाकण काही केल्या त्याला उघडत नव्हतं.

त्या दिवशी, सुनावणी संपल्या संपल्या, दालनाबाहेर बाई बाबांजवळ आल्या. म्हणाल्या, “मी इतकी वर्षं लोकांना सांगत फिरले की औषध म्हणू नका. पण त्यांना औषध म्हणायला कोणी शिकवलं, हे मी कधी विचारलंच नाही.”

“बाई, दोनदा म्हणालात,” लिटमस म्हणाले.

ऑफिसात आल्यावर बाईंनी सगळ्यांचे कप विसळले. बाबांचा कपही त्यात होता. ते बिस्कीट खात बसून राहिले आणि बाईंना म्हणाले, “कानापाशी घासा जरा, तिथे डाग राहतो.” माझा बाप आहे तो, काय बोलणार!

घरी येताना ते थकले होते. पायऱ्या चढताना त्यांनी पहिल्यांदाच माझा दंड धरला. घरात शिरल्यावर मी गोळी आणि पाणी ठेवलं आणि स्वयंपाकघरात गेले. जरा वेळाने बाहेर आले तर बाबा बनियनवर पलंगावर आडवे झाले होते, डोळे मिटून. बाथरूमचं दार उघडंच होतं. आत बादली कोरडी होती.

मशीनजवळची टोपली मी उचलली. माझे दोन कुडते, एक टॉवेल, आणि सगळ्यात वर बाबांचा तो इस्त्रीचा शर्ट. घामाने भिजलेला, नीट घडी करून ठेवलेला.

मी तो हातात घेऊन तिथेच उभी राहिले. आई आजारी पडल्यापासून या घरात त्यांचा कपडा दुसऱ्या कोणाच्या हातात आला नव्हता. मी तो नाकाशी नेला. नुसता माणसाचा वास होता, बाबांचा.

“मिरचे,” आतून आवाज आला, “तसाच टाकू नकोस मशीनमध्ये. कॉलरला आधी साबण लाव. मशीनला काय कळतंय!”

“लावते हो, लावते,” मी म्हणाले आणि नळ सोडला.